प्रोसोपोलेम्प्सिया: मुखवटा नव्हे, हनुवटी

प्रश्न असा आहे: नव्या करारातल्या ‘प्रोसोपोलेम्प्सिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मुखवट्याला भुलणे’ असा सांगतात, तो बरोबर का? आणि मराठी बायबलातला ‘पक्षपात’ त्याला पुरतो का?

मुखवटा आधी उतरवू. ‘प्रोसोपोन’ म्हणजे चेहरा, आणि ग्रीक रंगभूमीवर मुखवट्यालाही हाच शब्द होता, हे खरं. पण तेवढ्यावरून नट, ढोंग, लॅटिन ‘पर्सोना’ (तोही मुखवटाच) अशी माळ ओवणारे प्रवचनकार शब्दाचं मूळ बघायच्या फंदात पडत नाहीत. हा शब्द रंगमंचावरचा नाहीच. तो हिब्रूवरून बेतलेला आहे. ‘नासा’ म्हणजे उचलणं, ‘पानीम’ म्हणजे चेहरा; या ‘नासा पानीम’चं सेप्टुआजिंटच्या, म्हणजे हिब्रू बायबलाच्या जुन्या ग्रीक भाषांतराच्या, भाषांतरकारांनी काही ठिकाणी ‘लाम्बानेइन प्रोसोपोन’, म्हणजे ‘चेहरा घेणं’, असं शब्दशः ग्रीक केलं. पुढे त्याचाच जोडशब्द झाला.

आता चेहरा उचलायचा कुणाचा? समोरच्याचा. तो जमिनीला कपाळ टेकून पडलाय आणि वरच्या माणसानं त्याची हनुवटी वर केली की समजायचं, काम झालं. हे चित्र काही पंडितांना फार रंगवलेलं वाटतं. त्यांनी उत्पत्तीचा ३२वा अध्याय उघडावा. भावाला फसवून पळालेला याकोब परत येतोय. एसावाचा राग शांत व्हावा म्हणून तो पुढे जनावरं पाठवतो: दोनशे शेळ्या, वीस बोकड, दोनशे मेंढ्या, वीस एडके, शिवाय पिल्लांसकट तीस दुभत्या उंटिणी, गाई, गाढवं. आणि मनात म्हणतो, ‘कदाचित तो माझा चेहरा उचलेल.’ पुढच्याच अध्यायात तो सात वेळा जमिनीपर्यंत लवतो. आणखी काय पुरावा हवा? दुसऱ्या राजांच्या पुस्तकात (५:१) अरामाचा सेनापती नामान ‘चेहरा उचललेला’ आहे, म्हणजे बडी असामी. हिब्रूत या वाक्प्रचाराला मुळात डाग नाही. डाग लागतो तो न्यायासनासमोर.

तिथेच खरी गंमत आहे. लेवीय १९:१५ न्यायाधीशाला बजावतं की गरिबाचा चेहरा उचलू नकोस आणि बड्याचाही मान राखू नकोस. आधी गरीब! म्हणजे ‘श्रीमंतांची खुशामत’ एवढाच अर्थ सांगणारेही अर्धवटच सांगतात. दयेपोटी निकाल फिरवला तरी गुन्हा तोच.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातला (हा याकोब वेगळा) प्रसंग (२:२-३) याच गुन्ह्याचा आहे. सभेत बोटात सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घातलेला एक जण येतो, आणि मळक्या कपड्यांतला दुसरा. पहिल्याला ‘इथे नीट बसा’, दुसऱ्याला ‘तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस’. त्यांच्यापैकी कुणी यजमानाच्या नात्याचा किंवा गोटातला असल्याचं मजकुरात कुठे नाही. दिसली ती अंगठी.

‘पक्षपात’ अडखळतो तो इथे. पक्ष म्हणजे बाजू, तिच्याकडे झुकणं. त्यात बाजू आधीपासून असते: भाचा, जातवाला, गाववाला. आधुनिक ग्रीकमध्ये त्याला वेगळा शब्द आहे, ‘मेरोलिप्सिया’: ‘मेरोस’ म्हणजे भाग किंवा बाजू, आणि ती घेणं. अगदी आपला पक्षपात! निःपक्षपातीपणाला ‘आमेरोलिप्सिया’. ‘प्रोसोपोलिप्सिया’, म्हणजे आपल्याच शब्दाचं आजचं रूप, त्या भाषेत वेगळी टिकून आहे. (शेवटची ‘-लिप्सिया’ म्हणजे घेणं, पकडणं, एपिलेप्सीतही तीच, आकडी माणसाला धरते म्हणून.)

कोशात शोधताना एक अडचण येते. जुन्या छापील आवृत्त्यांत ‘म’ नसलेलं ‘-लेप्सिया’ असतं, तर जुनी हस्तलिखितं ताडून केलेल्या चिकित्सक आवृत्त्यांत ‘-लेम्प्सिया’. ‘लाम्बानो’ (मी घेतो) या क्रियापदातला अनुनासिक तत्कालीन बोलीत इतर रूपांतही शिरला. पपायरसांवर हा ‘म’ सर्रास दिसतो, तेव्हा त्याला लेखनिकाची चूक समजू नये. शब्द सापडला नाही तर ‘म’ काढून बघा.

नाम चार ठिकाणी येतं: रोमकरांस २:११, इफिसकरांस ६:९, कलस्सैकरांस ३:२५ आणि याकोब २:१. याकोब २:९ मध्ये क्रियापद आहे, प्रेषितांची कृत्ये १०:३४ मध्ये तसं करणारा माणूस आणि १ पेत्र १:१७ मध्ये नकारार्थी क्रियाविशेषण. रोमकरांसच्या पत्रात यहुदी आणि ग्रीक अशा दोन बाजू समोर आहेत, म्हणून तिथे ‘पक्षपात’ खुशाल ठेवा. याकोबाच्या पत्रात मात्र ‘तोंड पाहून वागणं’, आणि पेत्राच्या पत्रात ‘तोंड न पाहता’. ‘तोंडदेखलेपणा’ कुणी सुचवेल, पण ते वरवरचं वागणं झालं. अंगठीवाल्याला दिलेली जागा वरवरची नव्हती, चांगली ऐसपैस होती.