डोहातलं तिवर आणि खाडीतलं तिवर

प्रश्न असा आहे: ‘तिवराची साल कुटून डोहात टाकली की मासे वर येतात’ असं एका जुन्या नोंदीत आहे. खाडीतल्या तिवरांत तर माशांची पिल्लं वाढतात. मग हे तिवर कोणतं?

झाडं दोन आहेत. कोकणात एरवी तिवर म्हणतात ते खारफुटीतलं, शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया. डोहाकाठचं ते निवर ऊर्फ समुद्रफळ, म्हणजे बॅरिंग्टोनिया ॲक्युटँग्युला. संस्कृतात निचुल किंवा हिज्जल. निवरालाही ‘तिवर’ म्हटलेलं आढळतं, म्हणून हा घोळ. त्यात ‘समुद्रफळ’ हे नावही फसवं, कारण झाड मुख्यतः गोड्या पाण्याच्या काठचं.

आधी पानं पाहावीत. खाडीतल्या तिवराची पानं समोरासमोर, खालून पांढुरकी. वरच्या बाजूला जीभ लावली तर खारट, कारण पान मीठ बाहेर टाकतं. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळं वर आलेली असतात. निवराची पानं एकाआड एक, फांदीच्या टोकाला दाटलेली, कडेला बारीक दातेरी आणि गळण्याआधी लाल होणारी. लोंबत्या तुऱ्यांवरची लाल फुलं रात्री उमलतात आणि सकाळी पाण्यावर त्यांच्या पुंकेसरांचा सडा पडलेला असतो. फळ साधारण ३ सेंमी, चार ठळक धारांचं, आत एकच बी. धारा बोथट, फळ मोठं आणि फुलं पांढरट-गुलाबी असतील तर ती त्याचीच भावकी, बॅरिंग्टोनिया रेसमोसा.

मासे वर येतात ते निवरातल्या सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळ द्रव्यामुळे. कल्ल्यांना इजा होऊन माशांना पाण्यातला प्राणवायू घेता येत नाही. वाहत्या पाण्यात रस विरून जातो, म्हणून साठलेला डोहच निवडत. यात बारकी पिल्लंही मरतात. पाण्यात विष कालवून मासे मारण्याला १८९७ च्या मत्स्य कायद्यातच मनाई होती.

लहान मुलांच्या छातीत कफ भरला की निवराची बी पाण्यात उगाळून छातीवर लेप देत. धाप जास्त असेल तर किंचित उगाळा आल्याच्या रसातून पोटातही देत. उलटीबरोबर कफ पडे. हा प्रयोग आज घरी मुळीच करू नये. मात्रा जरा चुकली तरी मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

खाडीतल्या तिवराचा पाला गुरांना घालत, लाकूड जळणाला वापरत. लिहिताना ‘तिवर’ खारफुटीपुरतंच ठेवावं आणि डोहाकाठच्या झाडाला ‘निवर’ म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे.