वाचकांचे प्रश्न : वर्षभराच्या वाचनाचा हिशेब

प्रश्न : मी बडोद्यात दांडिया बाजारात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव तारखेसह वहीत लिहितो. डिसेंबरअखेर वही चाळली, तर नावे भरपूर दिसतात. पण निम्म्या पुस्तकांतले काहीच आठवत नाही. त्यातही बहुतेक पुस्तके जुनी. वर्षाच्या वाचनाचा आढावा घ्यावा कसा आणि सध्याची पुस्तके निवडावीत कशी? गुजराती पुस्तके या हिशेबात धरावीत का?

उत्तर : पत्रासोबत आपण वहीची नक्कल पाठवलीत, हे बरे झाले. तिच्यात जुलै महिना कोरा आहे, आणि पत्राच्या समासात आपणच लिहिले आहे की त्या महिन्यात एक जाडजूड कादंबरी अर्ध्यावर सोडली, म्हणून तिची नोंद केली नाही. माझ्या मते पहिली नोंद तिचीच हवी. ती कोणत्या पानाशी सुटली, बोलीभाषा अवघड गेली की निवेदक बदलल्यावर धागा हरवला, हे दोन ओळींत लिहिलेत, तर पुढच्या वर्षी पुस्तक निवडताना त्या ओळी पूर्ण वाचलेल्या दहा नावांपेक्षा अधिक कामाला येतील.

ऑगस्टपासूनचा क्रम मात्र मला फार आवडला. आधी सयाजीराव महाराजांचे चरित्र, मग ग्रंथालयांविषयीचे पुस्तक आणि त्यानंतर अमेरिकेचे एक जुने प्रवासवर्णन. महाराजांनी १९०६ साली अमेरिका पाहिली, १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यात आणले, आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबरच गावोगावची वाचनालये व फिरत्या ग्रंथपेट्या अशी व्यवस्था उभी राहिली. चरित्रात हे वाचल्यावर आपल्याला प्रश्न पडले आणि त्यांच्या मागे आपण पुढच्या दोन पुस्तकांपर्यंत गेलात. ही तिन्ही चांगली लक्षात आहेत, असे आपणच म्हणता. तेव्हा तारखेशेजारी एक रकाना वाढवावा : हे पुस्तक कशामुळे हाती आले? डिसेंबरात केवळ तो रकाना वाचला, तरी कोणते वाचन एकमेकांत गुंतलेले होते आणि कोणते नुसते वेळ काढण्यासाठी होते, हे उघड होते. (वेळ काढण्यासाठी वाचण्यात गैर काही नाही, त्याची आठवण राहत नाही, एवढेच.)

नव्या पुस्तकांसाठी पुरस्कारांच्या याद्या उपयोगी पडतात, पण त्या याद्यांतले पुस्तक 'यंदाचे' नसते. साहित्य अकादमी पुरस्कारवर्षाच्या लगतचे मागचे वर्ष सोडून त्याआधीच्या पाच वर्षांतील पुस्तकांचा विचार करते. त्यामुळे पुस्तक आपल्याकडे दोन वर्षे उशिरा पोहोचले, म्हणून आपण मागे पडलो असे मानू नये. २०२३चा पुरस्कार कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला मिळाला. ही धरणग्रस्तांची कादंबरी आहे, आणि नर्मदेच्या धरणामुळे उठलेल्या गावांबद्दल आपल्या भागात जे ऐकायला मिळते, ते ठाऊक असलेल्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. २०२४चा पुरस्कार सुधीर रसाळ यांच्या 'विंदांचे गद्यरूप' या समीक्षाग्रंथाला मिळाला. आपल्यासारख्या जुन्याची ओढ असलेल्या वाचकाने सुरुवात याच पुस्तकापासून करावी, कारण ते वाचता वाचता विंदा करंदीकरांचे लघुनिबंध कपाटातून काढावेसे वाटतील, आणि नवे व जुने यांची वेगळी खाती ठेवण्याचे कारणच उरणार नाही. याखेरीज दिवाळी अंक आहेतच. त्यांतल्या एखाद्या कथेने धरून ठेवले, तर त्या लेखकाचे पुस्तक मागवावे. परीक्षणावर विसंबण्यापेक्षा ते खात्रीचे.

गुजराती पुस्तके अवश्य धरावीत, आणि त्याच वहीत. बडोदे संस्थानाने काढलेल्या श्रीसयाजी साहित्यमालेची पुस्तके मराठीत निघाली तशी गुजरातीतही निघाली. बडोद्याच्या वाचकाच्या वहीत दोन्ही भाषा शेजारी असणे स्वाभाविकच आहे. एखाद्या मराठी पुस्तकामुळे गुजराती पुस्तक हाती आले असेल, तर नव्या रकान्यात ते जरूर लिहावे.