सात रस्त्याची सवय आणि मिल्टन कीन्सचे सर्कल

सप्रेम नमस्कार,

येत्या जूनमध्ये आपण नोकरीसाठी ब्रिटनमधील मिल्टन कीन्स शहरात येत आहात आणि सोलापुरात बारा वर्षे गाडी चालवूनही इथल्या सर्कलची (गोल चौकांची) धास्ती वाटते, असे आपण कळवले आहे. या एका शहरात शंभराहून अधिक सर्कल असल्याने ही धास्ती आधीच दूर केलेली बरी.

आपल्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकात ज्याची गाडी आधी घुसते, तो पुढे जातो. ब्रिटनमध्येही पूर्वी आत शिरणाऱ्यांना स्पष्ट नियम नव्हता. त्यामुळे नव्या गाड्या आत येत राहत, बाहेर पडणाऱ्यांची वाट अडे आणि सर्कल जाम होई. १९६६ मध्ये उजवीकडून येणाऱ्यास वाट देण्याचा नियम लागू झाला आणि ही कोंडी सुटली. म्हणून तुटक पांढऱ्या रेषेपाशी वेग कमी करून उजवीकडे पाहावे. रस्ता मोकळा असेल तर मात्र थांबू नये. पहिल्याच दिवशी मी रिकाम्या सर्कलपुढे गाडी उभी केली, तेव्हा मागून हॉर्न वाजला आणि शेजारी बसलेले प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "कोणासाठी थांबलात?" तो प्रश्न मला आजही आठवतो.

डावीकडे वळताना डावा इंडिकेटर द्यावा. सरळ जाताना सुरुवातीस काहीच देऊ नये, परंतु आपल्या आधीचा फाटा मागे पडताच डावा द्यावा. उजवीकडे जायचे असल्यास उजवा देऊन उजव्या लेनमध्ये राहावे आणि बाहेर पडण्यापूर्वी डावा द्यावा.

सर्कलमध्ये वळणामुळे वेग आपोआप उतरतो आणि टक्कर झालीच तरी ती सहसा तिरकी होते, त्यामुळे समोरासमोरच्या टकरीपेक्षा जीवितहानी कमी होते. मात्र एका बाजूने गाड्यांची अखंड रांग आली की पुढच्या फाट्यावरच्यांना आत शिरता येत नाही, म्हणून मोठ्या सर्कलवर सिग्नलही बसवतात. सिग्नल लाल असताना डावीकडे वळण्याची आपली सवय येथे पूर्णपणे सोडावी लागेल. हिरवा बाण नसेल तर थांबावेच लागते, आणि लाल-पिवळा एकत्र लागला तरी हिरव्याची वाट पाहावी लागते.

भारतीय परवान्यावर येथे १२ महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथली परीक्षा द्यावी लागते. प्रशिक्षण पहिल्या महिन्यातच सुरू करा आणि पहिला धडा सर्कलचाच मागा.