उचकी लागली, की नावं घ्यायची?

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे, मधुमेही आहेत. रात्री जेवताना त्यांना हमखास उचकी लागते. सासूबाई ‘कोण आठवण काढतंय?’ म्हणून एकेकाचं नाव घ्यायला लावतात आणि उचकी थांबतेही. परवा मात्र दुपारपासून झोपेपर्यंत चालूच होती. काळजीचं आहे का?
– एक सूनबाई, बार्शी

उत्तर : सासूबाईंना हसू नका. नावं आठवताना माणूस नकळत श्वास धरतो; आणि नाही धरला, तरी साधी उचकी तेवढ्या वेळात आपली आपण थांबतेच.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं. ते अचानक आखडलं की हवा झपकन आत ओढली जाते आणि जेमतेम ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राची फट मिटते. ‘हिक्’ होतं ते तिथे. सासऱ्यांचं जेवण न पाहताही मी सांगू शकतो : कढत भाकरी, ठेचा, भरभर घास, तोंडाने बातम्यांवर टीका आणि वर गटागटा फ्रिजचं पाणी. घासांबरोबर हवाही गिळली जाते, जठर फुगतं आणि श्वासपटलाला खालून ढोसतं. आधी हे बदला. सोडा, कोल्ड्रिंक बंदच.

उचकी लागलीच, तर श्वास भरून दहा-पंधरा सेकंद रोखायचा. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की उचकी मंदावते. नाहीतर पाण्याचे छोटे घोट सलग घ्यायचे. चमचाभर कोरडी साखर गिळण्याचा उपाय १९७१ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी २० जणांवर करून पाहिला, १९ जणांची उचकी थांबली. पण सासऱ्यांना रोज रात्री साखर देणं परवडणारं नाही. आणि मागून ‘भॉ’ करून दचकवणं, डोळे दाबणं हे या वयात अजिबात नको.

एका दुपारची उचकी घाबरण्यासारखी नाही. ४८ तास टिकली, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. सोबत छातीत दुखणं, बोबडी वळणं, तोल जाणं असेल, तर तासभरही थांबू नका. मधुमेह जुना असेल तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्या. किडनी थकली की उचक्या मागे लागतात. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, विशेषतः स्टेरॉइड; औषधांनीही उचकी लागू शकते. मेडिकलवाल्याने परस्पर बॅक्लोफेन (स्नायू सैल करणारी गोळी) दिली, तर घेऊ नका. उचकीवर ती चालते, पण किडनी कमजोर असेल तर पेशंट गुंगीत जातो.