१९६५ च्या बीटलला नंतरचं १५०० इंजिन बसवताना क्लच १८० चा घ्यायचा की २०० चा?

तुमची फोक्सवॅगन बीटल १९६५ ची, गिअरबॉक्स मूळचाच आणि इंजिन मात्र नंतरचं, बारा व्होल्टवालं १५०० मिळालंय. विक्रेता १८० आणि २०० मिमी व्यासाची अशी दोन्ही क्लच किट दाखवतोय आणि ‘आरसी बुकावरचं साल सांगा, त्याप्रमाणे देतो’ म्हणतोय. सालावरून घेऊ नका. इंजिनावरचं फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाची जड दातेरी चकती) २०० च्या प्रेशर प्लेटचं (क्लचप्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) असेल तर किट २०० चंच घ्या, पण प्रेशर प्लेट मधोमध कडी असलेली हवी. आणि पैसे देण्याआधी बेलहाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं कवच, आतून बघून या.

असं का, ते सांगतो. क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स या दोघांमध्ये सापडलेला भाग आहे. प्लेटचं माप इंजिन ठरवतं, कारण प्लेट फ्लायव्हीलवर बसते. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट सोडवणारं) कुठलं ते गिअरबॉक्स ठरवतो. स्टार्टर दोघांशीही जुळावा लागतो. साठ वर्षांच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच सालचे असतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

फ्लायव्हील हातात घ्या आणि एका दातावर खडूची खूण करून सगळे दाते मोजा. सहा व्होल्टच्या जुन्या फ्लायव्हीलला १०९ दाते असतात, बारा व्होल्टच्याला १३०. पण नुसत्या दातांवर थांबू नका. १३० दात्यांची, पण १८० चा क्लच घेणारी फ्लायव्हीलंही निघाली होती. म्हणून प्लेट जिथे घासते त्या जागेचा व्यास व्हर्नियरने मोजा, शंका राहत नाही.

आता बेलहाउसिंग. १९६५ चा गिअरबॉक्स १०९ दात्यांच्या लहान फ्लायव्हीलसाठी बनलेला आहे. १३० चं मोठं फ्लायव्हील त्यात मोकळं फिरत नाही. माझ्या १९६४ च्या गाडीला मी हेच केलं होतं. इंजिन जॅकवर चढवलं, सगळं छान सरकलं आणि शेवटी अर्ध्या बोटाची फट राहिली. स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) जुळत नसेल असं वाटून मी चारही नट आवळून फट मिटवली. मग पुली हाताने फिरवायला गेलो तर ती जागची हलेना. इंजिन परत उतरवल्यावर बेलहाउसिंगच्या आत दोन ठिकाणी रिंग गिअरने, म्हणजे फ्लायव्हीलच्या दातेरी कडेने, घासलेले चकचकीत ओरखडे दिसले. नशिबाने तडा गेला नव्हता. फट राहिली तर नटांनी ओढू नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो.

जागा करायची तर तेवढाच भाग घासून काढावा लागतो. कुणी आधीच घासला असेल तर टॉर्चच्या उजेडात खुणा स्पष्ट दिसतात, मग तुमचं काम झालंच. नसेल तर लक्षात ठेवा, हा गिअरबॉक्सचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. त्याचा बारीक कीस पेट घेतो, आणि त्यावर पाणी टाकलं तर आग आणखी भडकते. ग्राइंडर फिरवण्यापेक्षा कानस वापरा, कीस लगेच गोळा करून बाजूला काढा आणि जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. वेळ लागेल, लागू द्या.

प्रेशर प्लेटच्या कडीचं कारण असं: १९७० पर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये रिलीज बेअरिंग दोन कानांवर, क्लिपांनी अडकवलेलं असतं आणि ते त्या कडीवर दाबतं. १९७१ पासून इनपुट शाफ्टभोवती (गिअरबॉक्समधून क्लचप्लेटमध्ये येणारा दांडा) मार्गदर्शक नळी आली, बेअरिंग तिच्यावरून सरकून सरळ प्रेशर प्लेटच्या मधल्या पात्यांवर, म्हणजे बोटांवर, दाबू लागलं आणि कडी गेली. तुमच्या गिअरबॉक्सला नळी नाही. बिनकडीची प्लेट लावली तर बेअरिंगला मध्य सापडणार नाही, ते बोटं खाईल. बाजारात मिळणारी बरीच किट नंतरच्या पद्धतीची असतात, तेव्हा विचारूनच घ्या. नवी क्लचप्लेट इनपुट शाफ्टवर हाताने सरकवूनही बघा, अडकता कामा नये.

स्टार्टर बारा व्होल्टचाच लागेल. त्याचा दांडा जुन्यापेक्षा बारीक असतो, त्यामुळे बेलहाउसिंगमधली बुश (दांड्याचं टोक धरणारी छोटी नळी) बदलावी लागते. बाहेरून जुन्या आणि आतून नव्या मापाची बुश मिळते. ती न बदलता स्टार्टर लावला तर दांडा डगमगतो आणि नव्या रिंग गिअरचे दाते खराब होतात.

फ्लायव्हील लेथवर घ्यायचं का, असंही विचारलंत. निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर घ्याच. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात हे काम करणारे उत्तम टर्नर आहेत, तुमच्याकडेही असतील. पण त्यांना एक गोष्ट आधी सांगा: घासणारी बाजू जेवढी उतरवाल, तेवढीच प्रेशर प्लेट बसते ती कडाही उतरवायची. या दोन पृष्ठभागांमधल्या पायरीची उंची बदलली की क्लचचा दाब बदलतो, मग प्लेट नवीन असूनही घसरते. ज्या टर्नरने मला हे विचारलं नाही, त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा गेलो नाही.

बसवताना क्रँकचा त्याच्या लांबीच्या दिशेने मागे-पुढे होणारा खेळ डायल गेजने मोजा. तो ०.०७ ते ०.१३ मिमी हवा आणि तो जुळवणाऱ्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, नेहमी तीनच. फ्लायव्हील बदललं की हे माप नव्याने घ्यावंच लागतं, जुने शिम तसेच चालतील असं धरू नका. फ्लायव्हीलमध्ये ओ-रिंगची खाच असेल तर ओ-रिंगच घाला, सोबत जुन्या पद्धतीचं गॅस्केट नको. मधला ३६ मिमीचा मोठा नट साध्या पान्याला दाद देत नाही, लांब पाइप आणि टॉर्क रेंच दोन्ही जमवून ठेवा. त्याच नटाच्या पोटात इनपुट शाफ्टचं सुयांचं बेअरिंग असतं, त्याला ग्रीस अगदी थोडं. जास्त झालं तर उडून प्लेटवर येतं.

एवढं करूनही पहिल्या गिअरला गाडी थरथरली तर लगेच इंजिन उतरवू नका. आधी क्लच केबलची बाहेरची नळी बघा. तिला २५ ते ४५ मिमी झोल हवा. तो नसेल तर नवा क्लचही थरथरतो. झोल बरोबर असेल तर पेडलचा मोकळा खेळ १० ते २० मिमी ठेवून पुन्हा चालवून बघा आणि बेलहाउसिंगचा फोटो इथेच टाका, मी बघतो.