नाशिकमध्ये १५ हजारांची नेटवर्किंगची नोकरी घ्यावी की पुण्यात २६ हजारांची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सी कॉम्प्युटर आणि सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची सुरुवातीची परीक्षा) झालंय, घर सिडकोत आहे. पुण्याच्या एका एनओसीत (दुरून नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) हातात २६ हजार, तीन शिफ्ट. इकडे नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका सिस्टिम इंटिग्रेटरकडे १५ हजार, कारखान्यांत जाऊन स्विच (यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा) आणि फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारं उपकरण) बसवायचं काम. कुठे जावं?

२०१४ साली मी अंबडच धरलं होतं, ९ हजारांवर. त्यामुळे मला काय मिळालं आणि कुठे चुकले, दोन्ही सांगते.

आधी पैसे. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे साडेसहा हजार, मेसचे साडेचार, बस-रिक्षा आणि महिन्यातून दोनदा नाशिकला येणं-जाणं धरून आणखी अडीच. उरले साडेबारा. अंबडला घरून जाल, पेट्रोल दोन हजार, उरले तेरा. हे माझे अंदाजाचे आकडे आहेत, तुम्ही तुमचे मांडून बघा. पण ११ हजारांचा फरक वाटतो तेवढा राहत नाही, हे लक्षात येईल. पुण्यात तुम्हाला मावशी-काकांकडे राहता येत असेल, किंवा घरी कर्जाचा हप्ता तुमच्या पगारातून जायचा असेल, तर मात्र हिशोब बदलतो. तेव्हा पुणे घ्या आणि त्याबद्दल मनात काही ठेवू नका.

आता अनुभव. नुसतं ‘अनुभव मिळेल’ म्हणून कमी पगार घेऊ नका. तो शब्द फार स्वस्त झालाय. विचारायचं ते एवढंच: डिव्हाइसवर माझं लॉगिन असेल का, आणि त्यात कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंग, बदलायची परवानगी असेल का? एनओसीतल्या एल-वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, पुष्कळ जागांवर अलार्म बघायचा, तिकीट काढायचं, लिंक देणाऱ्या कंपनीला फोन लावायचा आणि पुढे एल-टूकडे ढकलायचं, एवढंच काम असतं. पण चांगल्या एनओसीत शेकडो साइट्सचं नेटवर्क एका नजरेत दिसतं, बदल करण्याआधी मंजुरी कशी घ्यायची, बदल फसला तर परत मागे कसं यायचं याची शिस्त लागते. ती शिस्त मला फार उशिरा लागली. म्हणून पुण्याच्या लोकांना विचारा, एल-वनचा माणूस एल-टूला साधारण किती महिन्यांत जातो? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

अंबडने मला काय दिलं ते एका सकाळीत सांगता येईल. सातपूरच्या एका कारखान्यात सोमवारी सगळं नेटवर्क ठप्प झालं. बिलिंग बंद, गेटवर गाड्या खोळंबलेल्या, आणि रॅकमधल्या स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत लुकलुकताहेत. आमचे सीनियर सिन्नरला होते. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘एकेक अपलिंक काढ आणि दिवे बघ.’ अपलिंक म्हणजे दुसऱ्या स्विचकडे जाणारी केबल. पाचवी काढली आणि दिवे शांत झाले. ती केबल पॅकिंग विभागाकडे जात होती. तिथे साफसफाई करताना कुणीतरी तिथल्या छोट्या स्विचमधून लोंबकळणाऱ्या केबलचं मोकळं टोक परत त्याच स्विचमध्ये खोचून ठेवलं होतं. लूप! म्हणजे माहिती गोल गोल फिरत राहिली. त्या दुपारी मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (लूप दिसला की ते पोर्ट बंद करणारं) आणि स्टॉर्म कंट्रोल (माहितीचा पूर अडवणारं) लावलं. स्पॅनिंग ट्रीचं, म्हणजे लूप टाळायच्या पद्धतीचं, प्रकरण मी परीक्षेसाठी तीनदा वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते त्या दिवशी. तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे न्यायची नाही हेही असंच, १३० मीटरवरच्या वॉचमन केबिनचा कॅमेरा सारखा बंद पडायला लागल्यावर कळलं.

माझी चूक पुढची. दोन वर्षांत शिकण्यासारखं जवळपास संपलं होतं, आणि मी चार वर्षं राहिले. घर जवळ, माणसं चांगली, म्हणून. पुढच्या कंपनीने मुलाखत तांत्रिक घेतली, पण पगार ठरवताना शेवटची स्लिप मागितली आणि त्यावर ३० टक्के वाढवून दिले. कमी पगार असा पुढच्या नोकरीतही मागे मागे येतो. भरून काढायला मला आणखी दोन नोकऱ्या लागल्या. म्हणून अंबड घेत असाल तर आजच कॅलेंडरवर १८ महिन्यांनंतरची तारीख टाका. सीसीएनए तीन वर्षांनी संपतं, त्याच्या आत सीसीएनपीचा, म्हणजे पुढच्या पायरीच्या सर्टिफिकेटचा, एन्कोर पेपर द्या. तो पास झाला की सीसीएनएही नव्याने तीन वर्षं लागू राहतं. हातातलं काम आणि हा पेपर, दोन्ही घेऊन बाहेर पडलात तर बोलणी वेगळ्या आकड्यावरून सुरू होतात.

माझा कल तुमच्यासाठी अंबडकडे आहे, पण दोन अटींवर. मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट ठेवून घेणार असतील, किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे मागत असतील, तर तिथूनच परत फिरा. आणि काम खरंच नेटवर्किंगचं आहे का ते तपासा. इंटिग्रेटर म्हणवणारे कित्येक जण वर्षभर फक्त सीसीटीव्ही, बायोमेट्रिक आणि प्रिंटर करतात.

हे तपासायला होकार कळवण्याआधी एकदा सकाळी साडेनऊला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसा. इंजिनियर साइटवर निघायच्या घाईत असतील. त्यांच्यातल्या सगळ्यात नव्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, गेल्या महिन्यात कुठे कुठे गेला होतास, काय केलंस? आणि त्याच्या बॅगेत बघा. केबलला टोक बसवायचं क्रिम्पिंग टूल तर असेलच. सोबत लॅपटॉप थेट स्विचला जोडून सेटिंग करायची निळी कन्सोल केबल आहे का, आणि ती वापरून मळलेली आहे का, ते बघा.