सही फुकट की तिकीट लावून?

गडगंज कमावणाऱ्या खेळाडूंनी चाहत्यांकडून सहीचे पैसे घ्यावेत का, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. उत्तरांत क्रिकेटपेक्षा अमेरिकेतलं बेसबॉल जास्त येईल. तिथे सहीचा व्यवहार उघडपणे, दरपत्रक लावून चालतो, आणि त्यातल्या खाचाखोचा कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेल्यामुळे चांगल्या माहीत झाल्या आहेत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन एका कार्ड शोला, म्हणजे खेळाडूंची कार्डं, स्मृतिवस्तू आणि सह्या विकत मिळतात अशा मेळाव्याला, गेलो होतो. एक निवृत्त बेसबॉलपटू सह्या करत होता. चेंडूवर सहीचे १२९ डॉलर, खाली ‘हॉल ऑफ फेम’ (दिग्गजांची सन्मानयादी) आणि वर्ष लिहून हवं तर आणखी ३९, खरेपणाचा स्टिकर वेगळा. एवढं मोजूनही त्याने मान वर करून मुलाकडे पाहिलं नाही. कोट्यवधी कमावलेल्या माणसाला हे शोभतं का?

पैसे घेणं शोभतं, मान वर न करणं शोभत नाही. पण दोन्हीचं मूळ एकाच हिशेबात आहे.

असा शो खेळाडू भरवत नाही, प्रमोटर भरवतो. तो खेळाडूला ठरावीक रकमेची हमी देतो आणि बदल्यात ठरावीक सह्या बांधून घेतो. समजा, हमी ३० हजार डॉलरची आणि तीन तासांत ४०० सह्या. म्हणजे सहीमागे ७५ डॉलर खेळाडूचेच झाले. वर हॉलचं भाडं, विमानभाडं, हॉटेल, जाहिरात, रांग सांभाळणारी माणसं. शेवटची पन्नास तिकिटं खपली नाहीत तर तो खड्डा प्रमोटरने भरायचा. १२९ चा आकडा असा तयार होतो. आता तीन तासांना ४०० ने भागा. एका सहीला २७ सेकंद मिळतात. तेवढ्यात चेंडू हातात घ्यायचा, शिवणीमधली अरुंद मोकळी जागा वर आणायची, सही करायची, शाई पुसणार नाही असा परत द्यायचा. मुलाचं नाव विचारायला वेळ ठेवलेलाच नसतो. तक्रार करायचीच तर प्रमोटरकडे करा आणि कमी सह्या का बांधल्या नाहीत ते विचारा. तिकीट काढण्याआधी एकूण सह्या किती आणि तास किती एवढं विचारलं, तरी आत काय वाट्याला येणार ते कळतं.

‘कोट्यवधी कमावले’ हे मात्र माणूस पाहून म्हणावं. १९६७ मध्ये मेजर लीगमधला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधला, किमान वार्षिक पगार ६,००० डॉलर होता. २०२५ मध्ये तो ७,६०,००० होता. मिकी मँटलसारख्या दिग्गजाचा सर्वोच्च पगारही वर्षाला एक लाख डॉलर होता. निवृत्तीनंतर सह्यांवर त्याने खेळून मिळवले त्याहून जास्त मिळवले. १९८० पूर्वीच्या ज्या खेळाडूंची लीगमध्ये चार वर्षं भरली नाहीत, त्यांना नियमित पेन्शन नाही. २०११ पासून त्यांना वर्षाला थोडी रक्कम मिळते, तीही सुरुवातीला जास्तीत जास्त १० हजार डॉलर होती. अशा एखाद्या आजोबांनी सहीला वीस डॉलर मागितले तर आम्ही घासाघीस करणार नाही.

आजच्या श्रीमंत खेळाडूपुरता आमचा कौल सही कुठे मागितली यावर ठरतो. सामन्याआधी कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या पोराकडून पैसे मागणं अजिबात बसत नाही. त्या पोराच्या तिकिटातून खेळाडूचा पगार निघालेला असतो. सुदैवाने तिथे कुणी मागतही नाही. टेबलामागे बसून, करार करून, पुढे विकल्या जाणाऱ्या मालावर सही करायची असेल तर खुशाल घ्यावेत. चेंडू विकणारा नफा कमावणार आणि ज्याच्या नावावर तो विकला जातो त्याने तेवढं फुकट राबायचं, यात कसला न्याय?

एक गोष्ट मात्र आम्हाला उफराटी वाटते. ‘ईशानला, शुभेच्छांसह’ असं नाव घालून हवं असेल तर काही शोमध्ये जादा आकार लावतात. नाव घातलेल्या वस्तूला बाजारात सहसा कमी भाव येतो. म्हणजे ती मागणारा माणूस घरी ठेवायला नेतोय. त्याला खरं तर सूट द्यायला हवी.

बास्केटबॉलच्या बिल रसेलने तर निराळीच रीत ठेवली होती. कित्येक वर्षं तो सही द्यायलाच नकार देई आणि म्हणे, त्यापेक्षा हात मिळवू, दोन शब्द बोलू. नव्वदच्या दशकात तोही फी घेऊन सह्या करू लागला. यातलं जास्त मोलाचं काय होतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

श्रीमंत खेळाडूने फी घेतलीच तर ती दान करावी, असा नियम का नसावा? (पुणे)

नियम नको, पाटी हवी. ‘उत्पन्न समाजकार्यासाठी’ एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या संस्थेला, सगळी रक्कम की काही टक्के, आणि ती खर्च वजा जाता की आधी, या तीन गोष्टी दराच्या शेजारी लिहिलेल्या असाव्यात. खर्च वजा जाता दान म्हटलं की खर्चाच्या रकान्यात काय काय मावतं, हे गणेशोत्सवाच्या मंडळांचा जमाखर्च पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

दानाच्याही आधी कर येतो. शोमध्ये रोख पैसे पाकिटातून मिळत आणि ते विवरणपत्रात येत नसत. बेसबॉलपटू पीट रोझ १९९० मध्ये याच प्रकरणात अडकला. सह्या, स्मृतिवस्तू आणि घोड्यांच्या शर्यती यांतलं उत्पन्न त्याने लपवलं होतं. पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. १९९५ मध्ये ड्यूक स्नायडर आणि विली मॅककव्ही या माजी बेसबॉलपटूंनी कार्ड शोची कमाई दडवल्याचा गुन्हा कबूल केला. दोघांना प्रोबेशन आणि दंड झाला. मॅककव्हीला २०१७ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामांनी माफी दिली. म्हणून ‘फक्त रोख’ असं कुणी म्हटलं तर पावती मागा. त्या वस्तूचा पहिला पुरावाही तीच पावती असते.

एका नामवंत क्रिकेटपटूची सही असलेली बॅट प्रमाणपत्रासह ऑनलाइन विकायला आहे. किंमत बेताची आहे. घ्यावी का? (ठाणे)

प्रमाणपत्र म्हणजे छापलेला कागद. ज्याला सही खोटी करता येते त्याला प्रमाणपत्र छापणं जड नाही.

अमेरिकेत एफबीआयने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम सॅन दिएगोतून चालवली. बनावट सह्या करणाऱ्यांची टोळीच्या टोळी सापडली. माल प्रमाणपत्रांसकट विकला जात होता आणि ‘तज्ज्ञ’ही सामील होते. मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल सापडले, यावरून धीटपणा किती होता ते कळावं! टोनी ग्विन या बेसबॉलपटूला तर स्वतःच्या बनावट सह्या स्वतःच्याच संघाच्या दुकानात मिळाल्या होत्या. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीगने स्वतःची पद्धत सुरू केली. नेमलेला साक्षीदार, बहुधा आजी-माजी पोलीस, सही होताना समोर हजर असतो, तिथल्या तिथे क्रमांक असलेला होलोग्राम वस्तूवर चिकटवतो, आणि तो क्रमांक कुणालाही तपासता येतो. शोमध्ये स्टिकरचे वेगळे पैसे घेतात ते यासारख्याच कामाचे. साक्षीदार समोर असेल तर ते पैसे सार्थकी लागतात. सही नंतर नुसती पाहून मत देणार असतील तर ते मतच, आणि मत चुकू शकतं.

बॅट हातात घेऊन पाहता येत असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सही लहान लहान ठिपक्यांची दिसली तर ती छापील आहे. स्मरणवस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या बॅटींवर संघाच्या सह्या अनेकदा छापीलच असतात. त्यात फसवणूक नाही, फक्त ती सही म्हणून घेऊ नका. कडेला शाईची जाड किनार आणि मध्ये फिकं असेल तर शिक्का. रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, दाब कुठेच कमीजास्त नाही, सुरुवातीला आणि शेवटी ठळक टिंब असेल तर यंत्राने काढलेली सही असू शकते. अशा दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात. माणसाच्या दोन सह्या कधीच तशा जुळत नाहीत.

पूर्ण संघाच्या सह्यांची बॅट सर्वात धोक्याची. ड्रेसिंग रूममध्ये एकच पेन फिरतं, त्यामुळे शाई एक असणं ठीक. पण अकराही सह्यांचा कल आणि दाब सारखाच वाटला तर एका हाताने अकरा नावं गिरवली असं समजा. बेसबॉलमध्ये क्लबहाउसचे (तिथल्या ड्रेसिंग रूमचे) मदतनीसच खेळाडूंच्या वतीने सह्या ठोकत, हे तिथल्या संग्राहकांत सर्वश्रुत आहे. तुमच्या बॅटीची किंमत ‘बेताची’ आहे, हीच आम्हाला सर्वात मोठी शंका वाटते.

सही घ्यायची तर कोणतं पेन न्यावं? मागच्या वेळी टी-शर्टवरची सही पसरली. (सांगली)

टी-शर्ट लोंबता धरून पुढे केलात की हे होणारच. कापड पेनाबरोबर ओढलं जातं, खेळाडू जोर लावतो आणि शाई धाग्यांतून फुटते. आत पुठ्ठा घाला, कापड ताणून मागे दोन क्लिपा लावा आणि पाठीवरच्या छापील आकड्यावर सही मागा. तिथला पृष्ठभाग गुळगुळीत असतो. आकडा पांढरा असेल तर काळा पर्मनंट मार्कर, गडद असेल तर रुपेरी पेंट मार्कर. घामाने ओल्या कापडावर काहीच टिकत नाही.

लाल क्रिकेट चेंडूवर सोनेरी किंवा रुपेरी पेंट मार्कर लागतो. तो घरून निघतानाच हलवून, रद्दी कागदावर टोक दाबून रंग उतरवून ठेवा. नाहीतर खेळाडूच्या हातात पहिल्या दाबाला थेंब सांडतो आणि तो वैतागून पुढे जातो. सोनेरी छाप नसलेली बाजू वर ठेवा आणि सही झाल्यावर चेंडू शिवणीवर धरून किमान दहा मिनिटं वाळू द्या. बेसबॉलवर मात्र मार्कर नको. ते पांढरं कातडं शाई पितं आणि काही वर्षांत अक्षरांना झालर येते. तिथे साधं निळं बॉलपेनच वापरतात.

विलोच्या कोऱ्या बॅटीवर मार्कर रेषेरेषेने पसरतो. तेल लावून दोन-चार दिवस झालेली, कोरडी पुसलेली बॅट बरी. संरक्षक फिल्म असेल तर तिच्यावरची सही पुसली जाते, म्हणून फिल्म नसलेली जागा दाखवा. चकचकीत फोटोला किंवा कार्डाला आधी किंचित टाल्कम पावडर लावून मऊ फडक्याने पुसा, शाई थेंबाथेंबाने तुटत नाही.

सही वाचता यावी ही अपेक्षा गैर नाही. हार्मन किलेब्रू हा बेसबॉलपटू तरुण खेळाडूंना बजावत असे, की तुमचं नाव लोकांना वाचता आलं पाहिजे.

भाची अमेरिकेतल्या विद्यापीठात टेनिस शिष्यवृत्तीवर आहे. तिथले विद्यार्थी खेळाडू आता सहीचे पैसे घेऊ शकतात म्हणे. तिने घ्यावेत का? (नागपूर)

तिथे हे पूर्वी निषिद्ध होतं. सह्यांच्या पैशांवरून टॉड गर्ली या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यावर २०१४ मध्ये चार सामन्यांची बंदी आली होती. १ जुलै २०२१ पासून नाव, छबी आणि प्रसिद्धीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. पण भाची एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असेल तर अमेरिकेत बसून पैशांसाठी सह्या करणं हे काम धरलं जाऊ शकतं, आणि विनापरवाना काम केलं की व्हिसाच धोक्यात येतो. अमेरिकन मैत्रिणीला चालतं म्हणून तिलाही चालेल असं नाही. करारावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं लेखी उत्तर घ्यावं. फुकट सही द्यायला काही हरकत नाही.

फुकट सही मिळण्याची जागा सांगा. (नाशिक)

रणजी सामना. बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत असतो, गर्दी तुरळक असते. पहिल्या दिवशी सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळे तणावात असतात. दिवसाचा खेळ संपल्यावर संघ बसकडे निघतो, ती वेळ धरा. पेनाचं झाकण आधीच काढून ठेवा, एकच वस्तू पुढे करा, मुलाचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा. तीच वस्तू चार-चार घेऊन उभे राहिलात तर तुम्ही विकणारे आहात असं समजून खेळाडू हात आखडता घेतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

वडिलांच्या सह्यांच्या वहीतली शाई फिकट होतेय. लॅमिनेट करू का? (चिपळूण)

मुळीच नको. उष्णतेने शाई आणखी उडते आणि प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सहीवर वार्निश किंवा पॉलिशही लावू नका, ते पिवळं पडतं. भिंतीवर लावायची तर पानाचा चांगला रंगीत स्कॅन काढून तो लावा. मूळ वही प्रकाशापासून दूर, कपाटात आडवी ठेवा. पीव्हीसीच्या पिशव्या कालांतराने चिकट होतात आणि शाई ओढून घेतात; पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. तुमच्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर महिन्याला बदला. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका. वही सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि मग मऊ ब्रशने हलकेच झाडा, तेही घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून.